माघारीचा खर्च

११ जानेवारी

वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून काहीच लिहिलेलं नाही. तुला नावानं हाक मारायची सवय मला नव्हतीच. 'अगं' म्हटलं की तू वळायचीस. तू गेल्यापासून 'अगं' म्हणावं असं कुणी भेटलं नाही. असो.

पत्ता दाव्याच्या कागदांवरून घेतला, त्याबद्दल रागावू नकोस. दाव्याचं काय झालं ते भिंगरीनं तुला सांगितलं असेलच, पण ते तिच्या बाजूनं. माझ्या बाजूचं थोडक्यात सांगतो. भिंगरी माझी मुलगी नाही, असं मी कोर्टात दोन वर्षं म्हणत होतो. मागच्या महिन्यात तो बचाव मी मागे घेतला. ती माझी मुलगी आहे, असा निकाल झाला. त्याला माझी हरकत नाही. परदेशातल्या नोकरीसाठी तिचे अडकलेले कागद आता सुटतील. सुटू देत.

हरकत आहे ती निकालाच्या शेवटच्या परिच्छेदाला. न्यायाधीशबाईंनी दाव्याचा सगळा खर्च, तिच्या वकिलाच्या फीसकट, माझ्यावर घातला आहे आणि वर दंडासारखी आणखी एक रक्कम. कारण काय, तर 'प्रतिवादीचा बचाव जाणूनबुजून खोटा होता. डीएनए चाचणी त्यानंच मागितली आणि सत्य उघडं पडणार असं दिसताच ऐन वेळी माघार घेतली. दरम्यान वादी आणि तिच्या आईची नाहक बदनामी झाली.'

जाणूनबुजून खोटा. मी हे तीनदा वाचून घेतलं माझ्या वकीलबाईंकडून. त्यांना वाटलं, मला भाषा कळली नाही.

तर मी अपील करतो आहे, तेही फक्त खर्चाच्या हुकमाविरुद्ध. बाकी निकाल आहे तसा राहू दे. वकीलबाई म्हणतात, 'मुलीच्या आईकडून दोन ओळी मिळाल्या, की या माणसानं चार वर्षं मुलीला नीट सांभाळलं, तर खर्च कमी व्हायला मदत होईल.' तेवढंच मागतो आहे. दोनच ओळी लिही, तिसरी नको.

तुझी तब्येत बरी असेल.

९ फेब्रुवारी

उत्तर नाही. मलाही ते येईल असं फारसं वाटलं नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते ठेवून घेतलंस.

दुकान अजून तिथंच आहे, गॅरेजच्या मागच्या बाजूला. अजून गाड्यांच्या सीटाच शिवतो. दादाचे डोळे गेल्यापासून कापायचं काम माझ्याकडे आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं त्याच्याकडे. म्हणजे पूर्वी जो बोलायचा तोच बोलतो आणि जो गप्प बसायचा तो गप्पच बसतो. वहिनी म्हणते, या दोघांना मिळून देवानं एकच तोंड दिलं, तेही दादाकडे ठेवलं.

परवा कोर्टाचा माणूस येऊन गेला. अजून जप्ती नाही, नुसती पाहणी. दोन शिलाई मशिनं, कापायचं मोठं टेबल, फोमचे गठ्ठे, हवेचा पंप, सगळं बघून गेला. दुकान दोघांच्या नावावर, पण मशिनावर नाव कुणाचं लिहिलेलं असतं? तो गेल्यावर दादानं शटर अर्धं ओढलं.

"तू अपिलात काय म्हणणार आहेस?" त्यानं विचारलं.

"खर्च जास्त झाला म्हणणार."

"आणि ते विचारतील, बचाव मागे का घेतलास, तर?"

मी सीटच्या कडेला पाइपिंग लावत होतो. लावत राहिलो.

"मला साक्षीला बोलव," तो म्हणाला. "मी सांगतो. सव्वा वर्ष हा बंदरावर होता, बोटींच्या केबिनमधल्या खुर्च्या शिवायला. एकदाही घरी आला नव्हता. आला तेव्हा पोर वीस दिवसांची होती. मला काय लाज? लाज असेल तर ती दुसऱ्या कुणाला असावी."

"दादा, तुझं नाव नाही त्या दाव्यात."

"माझं मशीन आहे!"

तो ओरडला म्हणून राग येत नाही. त्याचं चुकत नाही. हे ज्या तिघांना माहीत आहे, त्यांतल्या एकाला आपलं मशीन वाचवायचं आहे. दुसरी पत्राला उत्तर देत नाही. उरलो मी.

दोन ओळींचं बघ.

३ मार्च

आज तुला खरं काय ते लिहितो. कोर्टाला सांगता येत नाही आणि दादाला सांगून पटत नाही. उत्तर नको. नुसतं वाच.

हे सगळं सुरू झालं तेव्हा मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. तिनं नोकरीसाठी अर्ज केला होता. बापाचं नाव तपासायला एक अधिकारी दुकानात आला. चहा घेतला, खुर्चीवर कागद ठेवला आणि साधेपणानं विचारलं, "ही आपली मुलगी का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. तूही नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं. त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही." त्याला मुलगी माहीत नव्हती, मी माहीत नव्हतो. परक्याला खरं सांगून टाकलं एवढंच. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, हेही लपवत नाही. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं.

मग तिचे कागद अडले, तिनं दावा लावला आणि मी हट्टाला पेटलो. मी खरं बोललो होतो. खरं बोलणाऱ्यावर दावा? बंदरावरची ती कंपनी केव्हाच बुडाली, हजेरीचा पुरावा कुठून आणणार? उलट जन्माच्या नोंदीत नाव मीच दिलेलं. तिच्या वकिलानं तेच धरलं. "नाव कुणी सांगितलं? आपणच ना? जबरदस्ती झाली होती का?" नव्हती. मी स्वतः रांगेत उभा राहून दिलं होतं. म्हणून आमच्या बाजूनं डीएनए चाचणी मागितली. कोर्टानं मंजूर केली, तारीख ठरली.

त्याआधी तिची साक्ष झाली. बावीस वर्षांनी मी तिला पाहिलं. तुझ्यासारखी उभी राहते, एका पायावर भार देऊन. आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "वडिलांची म्हणून तुम्हाला एक तरी आठवण आहे का?" त्यांना वाटलं, नाही म्हणेल. चार वर्षांच्या पोराला काय आठवणार?

ती म्हणाली, "त्यांनी सायकलच्या पुढच्या दांड्यावर माझ्यासाठी सीट शिवली होती. लाल रेक्झिनची, पाठीला टेकण असलेली. मी झोपून पडू नये म्हणून पट्टा होता. पट्टा पोटाला काचायचा, म्हणून त्यांनी आतून मऊ फलालीन लावलं. दुसऱ्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी. हेही आठवतं तिला.

वकीलबाईंनी कागद चाळले आणि खाली बसल्या. मी बाहेर व्हरांड्यात गेलो. तिथं नळ होता, तो उगाच सोडून उभा राहिलो.

चाचणीत काय निघणार हे मला माहीत होतं. मी जिंकणार होतो. आणि ज्या दिवशी मी जिंकलो असतो त्या दिवशी तिला कळलं असतं, की ती सीट कुणा भलत्याच माणसानं शिवली होती. ती पडू नये म्हणून ज्यानं पट्टा लावला, तो तिचा कुणीच नव्हता. चाचणीच्या आदल्या दिवशी मी वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, मागे घ्या. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, दमलो. त्यांनी अर्जात तेच लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. न्यायाधीशबाईंना हसू आलं असणार.

तर खोटा बचाव तो हा असा.

२४ एप्रिल

काल अपिलाची सुनावणी झाली. घाईत लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

वरच्या कोर्टाचे न्यायाधीश वयस्कर आहेत, शांत बोलतात. वकीलबाईंनी छान मांडलं. बचाव मागे घेतला म्हणजे तो खोटाच होता असं होत नाही, माणूस तडजोडीसाठीही माघार घेतो, माघार घेणाऱ्याला एवढा खर्च लावला तर उद्या कुणी माघारच घेणार नाही. न्यायाधीश मान हलवत होते. मला वाटलं, सुटलो.

मग ते म्हणाले, "मुद्दा एवढाच आहे की बचाव खोटा होता का. ते ठरवायला सोपा मार्ग आहे. चाचणी तेव्हा राहिली, ती आता करून घ्या. खोटा ठरला तर खर्च कायम. खरा ठरला तर खर्चाचा हुकूम रद्द. वादीचं काय म्हणणं?"

तिचा वकील मागे वळला. भिंगरी दुसऱ्या रांगेत बसली होती. ती उभीच राहिली. "आम्ही तयार आहोत, साहेब. आजसुद्धा."

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, हे तुला ठाऊकच आहे. माणसावर बसणार नाही इतका तिचा विश्वास नळीवर बसतो. तिला काय माहीत, ती कशासाठी हट्ट करते आहे! माझं तोंड बंद करायला ती निघाली आहे, आणि आपलंच घर पेटवायला काडी मागते आहे.

माझ्या वकीलबाई खूश झाल्या. कानात म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलत होतात ना? मग घाबरता कशाला? झालं की काम."

मी म्हणालो, "मला वेळ हवा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा?"

लोक हसले. तीही हसली, पण ते हसणं निराळं होतं.

जूनमधली तारीख दिली आहे. तोवर मी हो किंवा नाही सांगायचं. हो म्हटलं तर मी सुटतो, दादाचं मशीन सुटतं, 'जाणूनबुजून खोटा' पुसलं जातं आणि ती संपते. नाही म्हटलं तर कोर्ट समजणार की मी खोटा, खर्च कायम. अपील मागे घेतलं तर त्या मागे घेण्याचा खर्च वेगळा. वकीलबाईंना विचारलं, तिसरं काही? त्या म्हणाल्या, "तिसरं म्हणजे वादीनंच चाचणीचा आग्रह सोडला तर."

म्हणून हे पत्र. तिला तू थांबव. काहीही सांग. म्हण, म्हाताऱ्याला किती छळशील, म्हण, कागद झाले ना, आता सोड. आई आहेस, काही तरी सुचेल तुला. मला तिच्याशी बोलायची सोय नाही. मी काही बोललो की ती त्याच्या उलट करणार, आणि तिचं बरोबरच आहे.

घरी आलो तर दादानं जेवण थांबवलं होतं. "चाचणी मिळाली म्हणे," म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी जेवलो. काय जेवलो ते सांगता येणार नाही.

१९ मे

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर बदललं आहे. पूर्वी वेलांट्या मोठ्या काढायचीस.

तू लिहितेस, 'मी येते. कोर्टात उभी राहते आणि सांगते की तुम्ही खरं बोलत होता. इतकी वर्षं माझं ओझं तुम्ही वाहिलंत, आता पुरे. तिलाही आधी घरी बसवून सांगते. ती मोठी झाली आहे.'

हे पत्र मी दुकानात वाचलं, मग संडासात जाऊन वाचलं, मग गाडीच्या मागच्या सीटवर बसून वाचलं. एवढ्या मोठ्या गावात मला पत्र वाचायला जागा सापडेना.

खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं. माझं खरं होतं, हे तुझ्या हातचं लिहिलेलं मिळालं. तू गेलीस त्या दिवशी दारात म्हणाली होतीस, "एकदा तरी भांडा माझ्याशी. विचारा मला. शिव्या द्या. हे असं गप्प राहून मला मारू नका." मी सुईत दोरा ओवत होतो. ओवला गेला नाही, पण मान वर केली नाही. त्या दिवशी तुला जे सांगायचं होतं, ते तू आता लिहिलंस. माझ्यापुरतं ते पोचलं.

पण येऊ नकोस.

तिला सांगूही नकोस. ती मोठी झाली आहे हे खरं. म्हणूनच नको. लहान असती तर विसरली असती. आज तिच्याकडे दोन गोष्टी आहेत, तू आणि ती आठवण. कोर्टात आईच्या बाजूनं उभी राहून ती मला खोटारडा म्हणाली. तू सांगितलंस की एका दमात आई खोटी ठरणार, बाप जाणार, आणि हातात राहणार ती फक्त प्रयोगशाळेची नळी. मी असा सुटलो तर सुटून जाऊ कुठं?

तो कोण होता हे मी तेव्हा विचारलं नाही. आताही विचारत नाही. तुझ्या पत्रात त्याचं नाव नाही, तेही बरं केलंस.

तुला वाटेल, हा पुन्हा गप्प बसतो आहे, याची जुनी खोडच आहे. नाही. तेव्हाचं गप्प राहणं तुझ्यावर होतं. ते मी तुला दगडासारखं फेकून मारलं. आताचं कुणावर नाही.

तिला चाचणीपासून थांबवता आलं तर थांबव. नाही जमलं तर माझं मी बघतो. येऊ नकोस. हे तीनदा लिहिलं असं समज.

२१ जून

झालं एकदाचं. काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून हे शेवटचं.

तू प्रयत्न केलास हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. घरातून भांडून आलेल्या माणसाचा चेहरा होता. पण ऐकणाऱ्यांतली ती नव्हेच. तिच्या वकिलानं उभं राहताच सांगितलं, चाचणीची तयारी कायम आहे.

तारखेच्या आधी मी दादाला सगळं सांगितलं होतं. तो उठून मशिनापाशी गेला, त्याच्या चाकावर हात ठेवला. म्हणाला, "तू तिच्यासाठी स्वतःला विकलंस तर मी आडवा येणार नाही. पण मला विकू नकोस." त्यात काही चूक नव्हती. आम्ही वाटणी केली. दोन्ही मशिनं, टेबल आणि दुकानाचं नाव त्याच्याकडे. माझ्या वाट्याचे जे काही पैसे झाले ते खर्चापोटी कोर्टात भरायचे, उरलेल्याचे हप्ते. मी आता तिथंच रोजंदारीवर कापायला बसतो. बाहेरच्याला काही फरक दिसणार नाही. वहिनी पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, वेळेवर येत जा, आता मालक नाही तुम्ही.

कोर्टात मी वकीलबाईंना बसायला सांगितलं आणि स्वतः उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, मला चाचणी नको. अपीलही नको."

"कारण?"

"कारण नाही."

"हे पाहा," न्यायाधीश म्हणाले, "कारण न सांगता तुम्ही एकदा माघार घेतलीत, आता दुसऱ्यांदा घेता आहात. मी सरळ विचारतो. वादी तुमची मुलगी नाही, हा तुमचा बचाव खोटा होता का? विचार करून बोला. हो म्हणालात तर खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल तुमच्यावर कारवाईसुद्धा होऊ शकते."

वकीलबाईंनी माझी बाही ओढली. खालून हळूच, जशी लहान पोरं ओढतात.

दोन वर्षं मी त्या इमारतीत खरं बोललो. एकानंही विश्वास ठेवला नाही. मी म्हणालो, "हो, साहेब. खोटा होता. ती माझी मुलगी आहे. मला पहिल्यापासून माहीत होतं."

आणि सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. टंकलेखिकेनं मान वरसुद्धा केली नाही, टकटक लिहून टाकलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "वय पाहता पुढची कारवाई नको. अपील मागे घेतलं म्हणून निकाली. खर्चाचा मूळ हुकूम कायम. या माघारीचा वेगळा खर्च नाही. हप्ते बांधून द्यावेत." मग पुढची केस पुकारली.

ती मला जिन्याजवळ गाठायला आली. जवळून पाहिलं तर कानामागे एक पांढरा केस. एवढी झाली.

"मला तुमचे पैसे नको होते," ती म्हणाली. "मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"ऐकलंस ना?"

"दोन वर्षं लागली! त्या दोन वर्षांत माझ्या आईबद्दल काय काय लिहिलंत तुम्ही. लोकांसमोर वाचलं गेलं ते. का लिहिलंत?"

"चुकलं."

"चुकलं? एवढंच?"

"आणखी काही नाही माझ्याकडे."

तिचे डोळे भरले, तसा तिनं राग वाढवला. तूही तेच करायचीस. "मी तुम्हाला माफ करणार नाही," ती म्हणाली.

"नको करूस."

"आई म्हणते, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, फार सोसलंय त्यांनी. काय सोसलंय? मला सांगा ना, काय सोसलंय तुम्ही?"

अगं, त्या वेळी माझ्या जिभेवर आलं होतं. जिना रिकामा होता, तिनं विचारलं होतं, आणि एवढं सरळ मला आयुष्यात दुसऱ्यांदाच कुणी विचारत होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगून बसलो होतो.

मी म्हणालो, "काही नाही. तुझ्या आईला उगाच सगळ्यांची कणव येते."

ती मान हलवून मागे वळली. पुढच्या आठवड्यात तिचं विमान आहे. पर्स खांद्यावर नीट केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाते मी."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "जाते म्हणू नये."

ती दोन पायऱ्या उतरली होती. थांबली. वळली नाही. रागातच, सवयीनं, लहानपणापासून कुणीतरी शिकवलेलं असतं तसं म्हणाली,

"येते."